एकच अक्षरे, निराळी कुळे : प्रस्तावना

जर्मनीत कुणाला विषबाधा झाली, तर ज्या दूरध्वनी-सेवेला तातडीने विचारायचे तिला ‘गिफ्टनोटरुफ’ म्हणतात. जर्मन रिवाजाप्रमाणे हे तीन शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असतात. पहिला जी-आय-एफ-टी. इंग्रजीत तो भेटवस्तू, जर्मनमध्ये विष. दुसरा एन-ओ-टी. इंग्रजीत तो नकार, जर्मनमध्ये संकट किंवा निकड. तिसरा ‘रुफ’, म्हणजे हाक. घरातल्या लेकराने भलतेच काही पोटात घातले असताना ज्या नावावर नजर पडायला हवी, त्याची पहिली सात अक्षरे इंग्रजीच्या सवयीने वाचली तर ‘भेट नाही’ एवढाच बोध होतो. इमारतीत आगीच्या वेळी बाहेर पडायला जे दार राखून ठेवतात, त्यावर ‘नोटआउसगांग’ अशी पाटी असते. आउसगांग म्हणजे बाहेर जायची वाट. नवख्याने आरंभीची तीन अक्षरे इंग्रजी समजून वाचली, तर ज्या वाटेने जीव वाचायचा तीच बंद आहे असा त्याचा समज व्हायचा.

युरोपातल्या भाषांमध्ये असे शब्द रगड आहेत. लिहायला अक्षर न् अक्षर सारखे, उच्चाराला कधी सारखे तर कधी वेगळे, आणि अर्थाला पार निराळे. या पुस्तकात त्यांना ‘समलिखित शब्द’ म्हटले आहे. परकी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाची त्यांच्याशी गाठ पडते, आणि बहुतेक शिक्षक ते गंमत म्हणून किंवा धोक्याची सूचना म्हणून सांगून पुढे जातात. मला ते अपुरे वाटते. शब्दाचे नाते त्याच्या लेखनावर ठरत नाही, तो कुठून निघाला आणि कोणत्या वाटेने आला यावर ठरते, ही भाषाविज्ञानातली पायाभूत गोष्ट या शब्दांतून जितकी लख्ख दिसते तितकी जाडजूड ग्रंथांतूनही दिसत नाही. म्हणून हा संग्रह केला आहे.

एक उदाहरण सावकाश पाहू. एस-ओ-एन ही तीन अक्षरे घ्या. इंग्रजीत ‘सन’, म्हणजे मुलगा. फ्रेंचमध्ये हीच अक्षरे नाकातून ‘सों’ अशी उच्चारतात आणि त्यांचा एक अर्थ ध्वनी, दुसरा ‘त्याचा’ किंवा ‘तिचा’. स्पॅनिशमध्ये ‘सोन’ म्हणजे ‘(ते) आहेत’. तुर्कीत ‘सोन’ म्हणजे शेवट. वरवर पाहता हा निव्वळ गोंधळ आहे. पण प्रत्येक शब्दाचा माग काढत मागे गेले की संस्कृत जाणणाऱ्याला एकामागून एक ओळखीचे चेहरे भेटू लागतात. इंग्रजी शब्द संस्कृत ‘सूनु’चा सगोत्र आहे. फ्रेंच ध्वनी लॅटिन ‘सोनुस’मधून आला, आणि त्याचा भाऊबंद म्हणजे संस्कृत ‘स्वन’. फ्रेंच ‘त्याचा’ लॅटिन ‘सुउस’मधून आला, तो ‘स्व’च्या घरातला. स्पॅनिश ‘सोन’ लॅटिन ‘सुंत’चे रूप आहे, आणि ते तर थेट आपल्या ‘सन्ति’च्या शेजारी बसते. सूनु, स्वन, स्व आणि सन्ति हे चार शब्द संस्कृतात कुणी एकमेकांत मिसळणार नाही. युरोपात दोन-तीन हजार वर्षांच्या झिजेनंतर चौघांच्या अंगावर एकाच मापाचा अंगरखा आला आहे. तुर्की ‘सोन’ मात्र या कुळातला नाहीच. तो मध्य आशियातल्या तुर्की घराण्यातून आलेला आहे.

तुर्की शब्द या रांगेत कधी आला, याची तारीखही सांगता येते. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानने कायद्याने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुर्की ‘सोन’ आणि इंग्रजी ‘सन’ यांच्या लेखनात कसलेही साम्य नव्हते. शब्द तोच, बोलणारे तेच, अर्थ तोच. लिपी बदलली आणि हा शब्द समलिखित झाला. अल्बेनियन भाषेने १९०८च्या मोनास्तिर परिषदेत रोमन अक्षरांचा निर्णय घेतला. रुमानियनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिरिलिक लिपी टाकली. उलट रशियन, बल्गेरियन आणि ग्रीक या भाषा या सगळ्यातून बाहेर राहिल्या, कारण त्यांची लिपी वेगळी. समलिखितांचा प्रश्न आधी लिपीचा आहे आणि मग शब्दांचा, हे वाचकाने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. रोमन लिपी अवघ्या सव्वीस चिन्हांची आहे. तीत डझनावारी भाषा आपापले ध्वनी बसवतात. लहान शब्द एकमेकांवर आदळणार हे उघड आहे.

छपाईनेही यात भर घातली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला. त्यानंतरच्या काळात इंग्रजी लेखन हळूहळू गोठले, पण स्वरांचे उच्चार बदलतच राहिले. त्यामुळे एम-ए-आय-एन ही अक्षरे फ्रेंच माणूस ‘मँ’ म्हणून हात या अर्थी वाचतो आणि इंग्रज ‘मेन’ म्हणून मुख्य या अर्थी. कानाला यात काहीच सारखे लागत नाही. समलिखित शब्द हे डोळ्याचे प्रकरण आहे, आणि म्हणूनच छापील मजकूर, पाट्या, औषधांची वेष्टने आणि पडद्यावरची अक्षरे जिथे आहेत तिथे ते जास्त छळतात.

आता या शब्दांच्या जाती. पहिली जात ताटातूट झालेल्या सख्ख्या भावंडांची. जी-आय-एफ-टी हे तिचे सर्वांत चांगले उदाहरण. जर्मनमध्ये देणे या अर्थी ‘गेबेन’ हे क्रियापद आहे आणि गिफ्ट हे मुळात त्याचेच नाम, ‘दिलेले ते’. ग्रीक वैद्यकात औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत. त्याचाही अर्थ ‘देणे’च, आणि ते आपल्या ‘दा’ धातूच्या नात्यातले आहे. लॅटिन वैद्यकग्रंथांतून हा शब्द जर्मन प्रदेशात पोचला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच्या वळणावर आपल्या ‘गिफ्ट’लाही ‘दिलेली मात्रा’ हा अर्थ दिला. मात्रेवरून जालीम मात्रा, आणि तिच्यावरून विष. जुना अर्थ मात्र एका कोपऱ्यात शाबूत राहिला. हुंड्याला जर्मन माणूस अजूनही ‘मिटगिफ्ट’ म्हणतो, म्हणजे मुलीच्या ‘सोबत दिलेले’. स्वीडिशमध्ये हाच शब्द ‘यिफ्त’ असा उच्चारतात आणि तिथे त्याचे दोन अर्थ आहेत: विष आणि विवाहित. दुसऱ्या अर्थाचे मराठी माणसाला नवल वाटायला नको. ‘मुलगी कुठे दिली?’ असे आपण आजही विचारतो. इंग्रजी शब्दाला त्याचा कठोर ‘ग’ मिळाला तो इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीमुळे. देणे या एका क्रियेतून लग्न, हुंडा, औषध, विष आणि वाढदिवसाची भेट एवढ्या गोष्टी निघाल्या, आणि अक्षरे चार होती ती चारच राहिली.

अशी भावंडे शेजारच्या भाषांत फार सापडतात. ‘काल्दो’ इटालियनमध्ये गरम, स्पॅनिशमध्ये रस्सा. दोन्ही लॅटिन ‘कालिदुस’चे वंशज. ‘स्क्लेप’ पोलिशमध्ये दुकान, चेकमध्ये तळघर, आणि दोन्हींच्या मुळाशी कमानी छताची जागा आहे. जितके जवळचे नाते तितकी फसगत अधिक. जपानी शब्दाने इंग्रजाला कधी फसवले नसेल तितके पोलिश शब्दाने चेक माणसाला फसवले आहे. भाषांचे नाते असूनही कधीकधी दोन शब्दांचे मूळच वेगळे निघते. फिनिश आणि एस्टोनियन या एकमेकींच्या निकटच्या भाषा, पण ‘हल्लितुस’ हा शब्द फिनलंडमध्ये सरकार आहे आणि एस्टोनियात बुरशी.

दुसरी जात निव्वळ अनोळखी माणसांची. एम-ओ-एस-टी हे इंग्रजीत ‘सर्वाधिक’. पोलिश, चेक, क्रोएशियन या स्लाव्ह भाषांत ‘मोस्त’ म्हणजे पूल. हंगेरियनमध्ये ‘मोश्त’ म्हणजे ‘आत्ता’. जर्मनमध्ये ‘मोस्ट’ म्हणजे फळांचा ताजा किंवा नुकता आंबू लागलेला रस; तो लॅटिन ‘मुस्तुम’मधून आला. ऑस्ट्रियाच्या एका भागाला या रसावरूनच मोस्टफिअर्टेल असे नाव पडले आहे. चार भाषा, चार मुळे. हंगेरियन तर युरोपीय भाषांच्या मुख्य कुळातलीही नाही, ती उरल घराण्यातली. बोस्नियातले मोस्तार हे शहर पुलाच्या राखणदारांवरून, ‘मोस्तारीं’वरून, ओळखले जाते. सोळाव्या शतकातला तिथला दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्यात कोसळला आणि २००४ साली पुन्हा उभा राहिला. युद्धाला त्या प्रदेशातल्या भाषेत ‘रात’ म्हणतात, आणि ते लिहितात आर-ए-टी. इंग्रजीत तो उंदीर, जर्मनमध्ये सल्ला किंवा सल्लागार मंडळ. म्हणून जर्मन गावातल्या नगरसभागृहाला ‘राटहाउस’ म्हणतात. डॅनिशमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ मोटारीचे सुकाणू-चाक.

बी-ए-आर-एन स्वीडिशमध्ये मूल. हा शब्द जन्म देणे, वाहणे या अर्थाच्या क्रियापदातून आला, आणि ते क्रियापद संस्कृत ‘भृ’चे सगोत्र. इंग्रजीत त्याच अक्षरांचा अर्थ धान्याचे कोठार, कारण जुन्या इंग्रजीत तो ‘बार्लीचे घर’ असा जोडशब्द होता आणि बोलता बोलता आखडला. ‘बुर्रो’ इटालियनमध्ये लोणी आणि स्पॅनिशमध्ये गाढव. लोण्याचा शब्द ग्रीक ‘बूतिरोन’मधून आला. त्याच्या पोटात गाय या अर्थाचा ‘बूस’ आहे आणि तो आपल्या ‘गो’चा नातलग. गाढवाचा शब्द उत्तरकालीन लॅटिनमध्ये छोट्या घोड्याला म्हणत त्या ‘बुरिकुस’मधून आला.

पी-ए-आय-एन ही अक्षरे मराठी वाचकाच्या विशेष ओळखीची आहेत. इंग्रजीत वेदना, लॅटिन ‘पोएना’, म्हणजे दंड, या शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेली. फ्रेंचमध्ये पाव, लॅटिन ‘पानिस’पासून आलेला. त्याच ‘पानिस’चे पोर्तुगीज रूप नाकातून उच्चारले जाते, ते गोव्यात आणि उत्तर कोकणात रुजले, आणि आपण त्याला पाव म्हणू लागलो. पाव पायाने तुडवतात म्हणून पाव, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि ती साफ चुकीची आहे. शिवाय मराठीच्या आत या शब्दाचे समलिखित आहेतच. पाव किलोतला पाव ‘पाद’ म्हणजे चतुर्थांश यातून आला, आणि ‘देवा, मला पाव’ मधला ‘प्राप्’ या धातूतून. सकाळी पाव किलो साखर आणि चार पाव घेऊन येणारा माणूस संस्कृत आणि लॅटिन अशा दोन घराण्यांचे शब्द एका पिशवीतून आणतो.

तिसरी जात उसनवारीची. एका भाषेने दुसरीकडून शब्द घेतला आणि त्याला आपल्या घरचे काम लावले. जर्मन माणूस मोबाइल फोनला ‘हँडी’ म्हणतो. शब्द इंग्रजी दिसतो, पण इंग्लंडमध्ये तो या अर्थाने कुणी वापरत नाही. ‘स्मोकिंग’ म्हणजे फ्रेंच, इटालियन आणि जर्मन लोकांच्या लेखी समारंभाचा कोट. ‘गिम्नाझियुम’ म्हणजे जर्मनीत विद्यापीठाची तयारी करून घेणारी शाळा. इंग्रजीत त्याच अक्षरांत व्यायामशाळा. ग्रीक गिम्नासिओनमध्ये व्यायाम आणि विद्या दोन्ही चालत, पुढे वारसांनी एकेक वाटा उचलला.

या जातीतला सर्वांत महागडा शब्द ‘बिलियन’. तो पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये घडला. निकोला शुके या गणितज्ञाच्या १४८४च्या हस्तलिखितात त्याचा अर्थ दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे एकावर बारा शून्ये, असा आहे. पुढे फ्रेंचांनीच तो एकावर नऊ शून्यांसाठी वापरायला सुरुवात केली, आणि अमेरिकेने ते वळण उचलले. ब्रिटन बारा शून्यांना चिकटून राहिला. १९६१ साली फ्रान्स अधिकृतपणे पुन्हा बारा शून्यांकडे वळला. १९७४ साली ब्रिटिश सरकारने मात्र अमेरिकन अर्थ स्वीकारला. जर्मन कधी हललेच नाहीत. आज इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी, आणि त्याच अक्षरांतला जर्मन किंवा फ्रेंच बिलियन म्हणजे एक लाख कोटी. अर्थसंकल्पाच्या बातमीत हा शब्द नुसता उचलून ठेवला, तर रक्कम हजारपट चुकते. गणितासारख्या काटेकोर शास्त्रातही लेखन हा अर्थाचा जामीन होऊ शकत नाही, एवढे यातून कळते.

या शब्दांकडे अभ्यासकांनी कसे पाहिले, याचाही एक इतिहास आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली. पुढे फ्रांट्स बोप, रास्मुस रास्क आणि याकोब ग्रिम यांनी तुलनात्मक भाषाविज्ञानाची घडी बसवली. ग्रिमने १८२२ साली ध्वनिबदलांचा जो नियम मांडला, त्याने दिसण्यावरून नाते सांगायची सोय कायमची संपवली. इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ पाहा. दोन्हींचा अर्थ जवळ असणे, दोन्ही दिसायला सारखे. पण लॅटिन ‘क’च्या जागी इंग्रजीत ‘ह’ येतो, कोर्नू आणि हॉर्न किंवा केंतुम आणि हंड्रेड यांत येतो तसा. त्या हिशेबाने ‘हॅव’चा खरा नातलग पकडणे या अर्थाचा लॅटिन ‘कापेरे’ ठरतो, आणि ‘हाबेरे’ परका. अर्थही जुळतो, अक्षरेही जुळतात, आणि तरी नाते नाही. दिसण्यावरून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह आपल्याकडेही पुष्कळांना होतो, त्यांनी हे एक उदाहरण पाठ करावे.

दुसरी परंपरा फ्रान्समधल्या बोलीभूगोलाची. माझ्या मते ती सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत देखणी आहे. मूळचे स्विस असलेले झ्यूल जिलिएरों यांनी फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह १९०२ ते १९१० या काळात प्रसिद्ध केला. त्यासाठी एदमों एदमों हा एकटा माणूस १८९७ ते १९०१ अशी चार वर्षे ६३९ ठिकाणी फिरून लोकांच्या तोंडचे शब्द टिपत होता. त्या नकाशांवर नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीत जिलिएरोंना एक विचित्र गोष्ट दिसली. लॅटिनमध्ये कोंबडा ‘गालुस’ आणि मांजर ‘कात्तुस’. गॅस्कनीच्या बोलीत शब्दाच्या शेवटच्या दुहेरी ‘ल’चा ‘त’ होतो. त्यामुळे तिथे कोंबडाही ‘गात’ व्हायला हवा होता आणि मांजरही ‘गात’. शेतकऱ्याच्या घरात मांजर आणि कोंबडा एकाच नावाने नांदणे शक्य नाही. कोण कुणाला खाऊन गेला, हे सांगायचीच पंचाईत. लोकांनी काय केले? मांजराचा शब्द ठेवला आणि कोंबड्याचा टाकला. त्या जागी कुठे रानकोंबड्यासारख्या फेझंट पक्ष्याचे नाव आणले, तर कुठे ‘बिगे’, म्हणजे मुळात गावचा अधिकारी. ज्या रेषेपर्यंत ‘ल’चा ‘त’ होतो, त्याच रेषेपर्यंत जुना कोंबडा नाहीसा झाला आहे. एका भाषेच्या आत दोन शब्द एकमेकांवर आदळले की बोलणारे त्यातून वाट काढतात, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. जिलिएरोंनी अशा प्रकारांना शब्दांचे आजार आणि त्यांवरचे उपचार असे म्हटले.

भाषांच्या दरम्यान मात्र हा उपचार चालत नाही. जर्मन लोक आपले विष इंग्रजांच्या सोयीसाठी बदलणार नाहीत. म्हणून तिथे ओझे भाषांतरकार आणि शिक्षक यांच्यावर येते, आणि तिसरी परंपरा त्यांचीच आहे. १९२८ साली मॅक्सिम कोएस्लर आणि झ्यूल देरोकिन्यी या दोघा फ्रेंचांनी इंग्रजी शब्दांच्या दगाबाजीवर एक पुस्तक लिहिले, आणि त्यात अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ हे नाव दिले. ते नाव जगभर रूढ झाले. रशियात व्ही. व्ही. अकुलेंको यांच्या संपादनाखाली १९६९ साली याच नावाचा इंग्रजी-रशियन कोश निघाला. त्यानंतर युरोपात भाषांच्या जवळजवळ प्रत्येक जोडीसाठी अशा याद्या तयार झाल्या. त्या उपयोगी आहेत, पण माझी त्यांच्यावर एक तक्रार आहे. त्या शब्दांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. ‘गिफ्ट’ने कुणाला दगा दिलेला नाही. त्याचा प्रवास कुणी सांगितला नाही, म्हणून तो खोटा वाटतो. आणि ज्या शब्दाचा प्रवास कळला, तो सहसा पुन्हा चुकत नाही.

चौथी परंपरा गेल्या चाळीस वर्षांतली, मानसशास्त्रज्ञांची. दोन भाषा जाणणाऱ्याच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे असतात का, हा त्यांचा प्रश्न. तो तपासायला समलिखित शब्दांइतके नेमके साधन नाही. फ्रान्समध्ये बोव्हिलँ आणि ग्रेंजर यांनी १९८७ साली फ्रेंच आणि इंग्रजी यांतल्या समलिखितांवर प्रयोग केले. १९९८ साली नेदरलँड्समध्ये टॉन डायक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच लोकांना पडद्यावर शब्द दाखवून ‘हा इंग्रजी शब्द आहे का?’ एवढेच विचारले. आर-ओ-ओ-एम हे इंग्रजीत खोली आणि डचमध्ये दुधाची साय. यादी निव्वळ इंग्रजी असताना अशा शब्दांवर लोक अडखळले नाहीत. यादीत डच शब्द मिसळल्याबरोबर त्यांची उत्तरे स्पष्टपणे मंदावली. आणि ‘कोणत्याही भाषेतला शब्द चालेल’ असे सांगितल्यावर त्याच शब्दांना ते उलट लवकर होकार देऊ लागले. म्हणजे दोन्ही भाषा मनात एकाच वेळी जाग्या असतात, आणि परिस्थितीप्रमाणे ते साम्य कधी अडथळा होते, कधी मदत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाजारात हिंदी वापरणाऱ्या आपल्या मुलांविषयी बोलताना हा निष्कर्ष विसरता कामा नये.

हे सगळे आज का वाचायचे? युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत आणि त्याचे कायदे या सगळ्या भाषांत निघतात. तिथल्या कचेऱ्यांत फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन अधिकारी इंग्रजीत लिहितात, आणि आपल्या भाषेतला अर्थ नकळत इंग्रजी शब्दात ओततात. ‘अॅक्च्युअल’चा इंग्रजी अर्थ वास्तविक, त्याच अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ सध्याचा. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयातले भाषांतरकार जेरेमी गार्डनर यांनी अशा चुकीच्या वापरांची एक टिपणवहीच २०१३ साली प्रसिद्ध केली. कायद्यात ‘वास्तविक उत्पन्न’ आणि ‘सध्याचे उत्पन्न’ यांत किती अंतर आहे, हे कुठल्याही वकिलाला विचारावे.

यंत्राने होणारे भाषांतर हे दुसरे कारण. गूगलने २०१८ साली खुले केलेले बहुभाषिक ‘बर्ट’ हे प्रारूप १०४ भाषांसाठी शब्दखंडांचा एकच साठा वापरते. त्यात एम-ओ-एस-टी ही अक्षरे पोलिश पुलासाठी आणि इंग्रजी ‘सर्वाधिक’साठी एकाच नोंदीखाली येऊ शकतात. आजूबाजूच्या वाक्यावरून यंत्र अर्थ ठरवते, आणि पूर्ण वाक्य हाताशी असले तर बहुधा बरोबर ठरवते. पण पाटीवर, वेष्टनावर किंवा शोधपेटीत एकच शब्द असतो, तिथे आधाराला वाक्य नसते. अशा ठिकाणी माणसाचे ज्ञानच कामी येते.

आणि तिसरे कारण आपल्या घरातले आहे. जर्मन शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या आज पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. परिचारिका आणि तंत्रज्ञ व्हायला निघालेली ही मुले इंग्रजीच्या आधाराने जर्मन वाचतात, कारण रोमन लिपी त्यांना इंग्रजीतूनच आलेली असते. रुग्णालयाच्या ‘नोटआउफनामे’ या पाटीचा अर्थ आपत्कालीन विभाग असा होतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळायला हवे. ‘फास्ट’ म्हणजे जलद नव्हे, ‘जवळजवळ’. रुग्ण ‘फास्ट’ बरा झाला असे डॉक्टर म्हणाले, तर तो अजून पुरता बरा झालेला नाही.

या संग्रहाच्या मर्यादा सांगून ठेवतो. यात फक्त रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या युरोपीय भाषांचे शब्द आहेत. अक्षरांवरच्या आणि अक्षरांखालच्या खुणा मी वेगळी अक्षरे मानल्या आहेत. इटालियन ‘पापा’ खुणेशिवाय लिहिला की पोप होतो आणि शेवटच्या अक्षरावर खूण दिली की वडील, तेव्हा या खुणा क्षुल्लक मानणे मला पटले नाही. मोठ्या-लहान अक्षरांचा फरक मात्र सोडून दिला आहे, नाहीतर प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू करणारी जर्मन भाषा सगळीच बाहेर राहिली असती. प्रत्येक शब्दाचे त्या त्या भाषेतले उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळ दिले आहेत. जिथे संस्कृतातला सगोत्र शब्द निश्चित आहे तिथे तो दिला आहे, आणि जिथे फक्त आकर्षक तर्क आहे तिथे मोह आवरला आहे. मोटारीच्या ‘नोव्हा’ या नावाचा स्पॅनिशमध्ये ‘चालत नाही’ असा अर्थ होऊन ती खपली नाही, अशा कहाण्या यात नाहीत. ती गाडी मेक्सिको आणि व्हेनेझुएलात चांगली खपली, आणि मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने आपल्या पेट्रोललाही तेच नाव दिले होते. ऐकीव गोष्टींपेक्षा शब्दांचा खरा इतिहास जास्त रंजक आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

पुस्तक ओळीने वाचायची गरज नाही. कुठलाही शब्द उघडावा आणि त्याच्या मागे जावे. जी भाषा येते तिच्यापासून सुरुवात केली तर अधिक बरे.

शेवटी एक विनंती. जे युरोपात रोमन लिपीने घडवले, ते आपल्याकडे देवनागरीने घडवले आहे. मराठीत पीठ म्हणजे दळलेले धान्य, ते ‘पिष्ट’पासून आले. हिंदीत पीठ म्हणजे पाठ, ती ‘पृष्ठ’पासून आली. शक्तिपीठातला पीठ आसन या अर्थी सरळ संस्कृत. मराठी ‘खाली’ आणि हिंदी ‘खाली’ यांत तर अरबीचे अंतर आहे. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांतल्या समलिखित शब्दांचा व्युत्पत्तीसह कोश व्हायला हवा. त्याची साधने हाताशी आहेत. मोल्सवर्थचा कोश आहे, मराठीच्या घडणीवरचा झ्यूल ब्लॉक यांचा १९२०चा फ्रेंच ग्रंथ आहे, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा मराठी व्युत्पत्तिकोश आहे, टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आहे. भाषा विषय घेऊन शिकणाऱ्या तरुणांपैकी कुणीतरी हे काम अंगावर घ्यावे, आणि या पुस्तकातल्या चुकाही न संकोचता कळवाव्यात.